तू पुढे हो

"अगं, आता तू टँक घे. मी मागे राहतो," नवरा म्हणाला. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि त्याच्या उजव्या कोपराखाली उशी सरकवली.

जेवणाच्या टेबलावर दोघांचे कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडलेले होते. तो क्रेनचालक, ती घरी शिवणकाम करणारी. अकरा वर्षं दर रविवारी दुपारी दोघं हा ऑनलाइन खेळ खेळत होती. या वयात हे काय खूळ, असं नातेवाईक म्हणायचे. म्हणोत बापडे. खेळात पाच जणांची टोळी जमते. टँक पुढे उभा राहून राक्षसाचा मार खातो, हीलर मागून त्याच्या जखमा भरतो आणि उरलेले तिघं लढतात. तो कायम टँक, ती हीलर. इतक्या वर्षांत तिने राक्षसाचं तोंड धड पाहिलं नव्हतं. तिचे डोळे त्याच्या नावापुढच्या, किती जीव उरला ते दाखवणाऱ्या हिरव्या पट्टीवर असायचे. पट्टी उतरली की भरायची, आणि या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

सात महिन्यांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. टँकला दोन्ही हात लागतात. हीलरचं काम एका हाताने निभेल, असा त्याचा हिशेब. क्रेन सुटली होती, बाहेर जाणं सुटलं होतं. हेही सुटलं तर हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहील, याची तिने धास्ती घेतली होती.

"घेते. पण मला मार खायची सवय नाही हं."

"मला तरी कुठे होती? तुझ्या जिवावर खात होतो."

राक्षस आला. चांगला धिप्पाड, शिंगांवर शेवाळ. ती बघतच राहिली आणि मेली. दुसऱ्या खेपेला तिने सगळं बरोबर केलं, तरी मेली. शेजारी त्याचं बोट बटणापर्यंत पोचायचं, तोवर तिची पट्टी संपलेली असायची. तिसऱ्यांदाही तेच झालं.

'हीलर झोपलाय का?' टोळीतल्या अनोळखी पोरांपैकी कोणीतरी लिहिलं. मग तिच्या पडद्यावर प्रश्न आला: हीलरला काढायचं? तिघांनी 'हो' दाबलं होतं. चौथं मत तिचं होतं, आणि चौघांचं एकमत लागत होतं. तिने बाण 'नाही'वर नेला.

"हो दाब," तो म्हणाला. तो तिचाच पडदा बघत होता.

"आपण दोघंही निघू या ना. त्यात काय एवढं?"

"पोरांची दुपार का नासवायची? त्यांचं काय चुकलं? दाब."

तिने दाबलं. दाबताना तिला स्वतःची किळस आली.

मिनिटाभरात नवा हीलर आला, आणि राक्षस पडला. तिची पट्टी एकदाही अर्ध्याच्या खाली गेली नाही. पोरांनी तिचं कौतुक लिहिलं, पुढच्या रविवारी येणार का विचारलं. तो सगळा वेळ तिची पट्टी बघत होता.

"चांगला आहे गं हा. वेळेवर देतो," तो म्हणाला. "ह्यालाच बोलवत जा."

तो टेबलाला टेकून सावकाश उठला आणि डाव्या हाताने आपली खुर्ची नीट आत सरकवून ठेवली.