रिकाम्या पानाचा वेग

टीमप्रमुख नचिकेतने मीटिंगमध्ये आलेख दाखवला तेव्हा जान्हवीला हसू आवरेना. तिने कॅमेराच बंद केला. पुण्यातली ही कंपनी मराठी लेखनाचा प्रोग्राम बनवायची आणि जान्हवी औंढा नागनाथला घरी बसून तो तपासायची. नवी आवृत्ती दीडपट वेगवान झाली, असं हे साहेब छाती फुगवून सांगत होते. वेग मोजला कशावर? स्वतःच्या कोऱ्या करकरीत लॅपटॉपवर, रिकामं पान उघडून! गाडी सोडून नुसता बैल पळवायचा आणि म्हणायचं, बघा, ओझं कसं झपाट्यानं पोचलं.

दुसऱ्या दिवशी ती आखाडा बाळापूरला शिवकन्येच्या टायपिंगच्या दुकानात गेली. शिवकन्या जमिनीच्या दाव्यांचे लांबलचक मजकूर टाइप करून द्यायची. नवी आवृत्ती संथ चालते, ही तक्रार तिचीच होती.

"बघा नं ताई, मी पुढं टाइप करून राहिले अन् अक्षरं मागून येऊन राहिली. गिऱ्हाईक मलाच म्हणतंय, बाई, तुमाला येत न्हाई का?"

जान्हवीने त्याच कॉम्प्युटरवर तोच मजकूर आधी जुन्या आवृत्तीत चालवला, मग नव्या. पुन्हा पुन्हा चालवला. जुन्या आवृत्तीत अक्षर बोटाबरोबर उमटायचं, नवीत अडखळायचं. मग ती नव्या सोयी एकेक करून बंद करत गेली. पानांची चिमुकली चित्रं दाखवणारी कडेची पट्टी बंद केली आणि अक्षरं धावू लागली. एक अक्षर उमटलं की ती पट्टी सगळी पानं नव्यानं रेखाटत बसायची. हट्टानं घालून घेतलेली, नचिकेतची लाडकी पट्टी.

तिने तिथूनच त्याला फोन लावला.

"अगं, एवढं लांब लिहितं कोण?" तो म्हणाला.

"जे आपला प्रोग्राम विकत घेतात ते."

"आलेख वर गेलाय गं. तू असं कर, रिकामी पानंही धर आणि सरासरी काढ."

जान्हवीला शिसारी आली. माणूस आळशी असला तर चालतं, पण हा तर खोटंही आळसानं बोलत होता. तिने दोन्ही आवृत्त्यांचं चित्रण आणि कारण सगळ्या टीमला, वरिष्ठांसकट, पाठवून दिलं.

पट्टी सुधारली गेली. शिवकन्येचा फोन आला, "आता बराबर चालतंय." आणि मीटिंगमध्ये नचिकेत म्हणाला, "दोष आम्ही वेळीच हेरला." टाळ्या पडल्या, वरिष्ठांच्याही. त्याने जान्हवीला अंगठ्याचं चित्रही पाठवलं.

ती वरिष्ठांना फोन करून एवढंच म्हणाली, "मला दुसऱ्या टीममध्ये टाका. ह्यांच्या हाताखाली मी काम करणार नाही."

"काही कारण?"

"तुम्ही टाळ्या वाजवल्यात ना? मग सांगून उपयोग नाही."