घरच्या माणसाचा तुकडा

आमच्या लॅबमध्ये एक नियम आहे, तो कुठल्याही कागदावर लिहिलेला नाही. घरच्या माणसाचा तुकडा तपासायला आला, तर आपण त्याला हात लावायचा नाही, दुसऱ्याकडे द्यायचा. सव्वीस वर्षं मी माणसांच्या गाठींचे केसापेक्षा पातळ काप काढते आहे, आणि एवढ्या वर्षांत हा नियम मला कधी खटकला नाही. उलट नवीन येणाऱ्या पोरींना मीच तो दरडावून शिकवला. हात थरथरला की काप फाटतो, आणि घरच्या माणसाच्या वेळी हात थरथरतोच. एवढं साधं शहाणपण त्यामागे होतं.

मग माझ्या नणंदेची गाठ आली.

नणंद म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. अठ्ठावन्न वर्षांची, एकटी, आमच्या वरच्याच मजल्यावर राहते आणि पडदे शिवते. तिच्या शिलाईत दोष सापडणार नाही आणि तिच्या बोलण्यात गोडवा सापडणार नाही. माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली. त्यातली पहिली दहा आम्ही भांडण्यात घालवली आणि पुढची वीस भांडायची सवय लागली म्हणून भांडलो. छातीत गाठ लागली तेव्हा तिने आधी कुणाला सांगितलं असेल, तर मला. भावालासुद्धा नाही. घराजवळच्या लहान दवाखान्यात सुईने तुकडा काढून तपासला, तो कॅन्सर निघाला. मग मी तिला आमच्या हॉस्पिटलात आणलं आणि सर्जनने स्तन काढला.

काढलेल्या स्तनाचा डबा लॅबमध्ये आला तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि पुढे दोन दिवस सुट्टी होती. डब्यावरचं नाव मी वाचलं. असा मोठा अवयव आला की पहिलं काम असतं त्याला लांब सुरीने चिरा देण्याचं. त्याशिवाय डब्यातलं फॉर्मॅलिन, म्हणजे मांस नासू न देणारं द्रव्य, आतपर्यंत पोचत नाही. ते तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं. चिरा दिल्या नाहीत तर बाहेरचा भाग टिकतो आणि मधला नासतो, आणि गाठ होती बरोब्बर मध्ये. हे सगळं मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. पण त्या दिवशी सुरीकडे हातच गेला नाही. मी फॉर्म भरला, डबा माझ्या जोडीदारणीच्या टेबलावर ठेवला आणि घरी आले. नियम पाळला म्हणून मनाला बरंही वाटलं.

जोडीदारणीला आम्ही वादळ म्हणतो. ती येते, दहा जणांचं काम उरकते आणि जाते, मागे फक्त दारं आपटत राहतात. त्या संध्याकाळी तिने फॉर्मवर माझं अक्षर पाहिलं आणि डबा न उघडता चिरा दिलेल्याच असणार असं धरून चालली. तिची चूक म्हणवत नाही. सव्वीस वर्षांत मी एकही डबा चिरा न देता पुढे ढकलला नव्हता.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. काखेतल्या गाठी स्वच्छ होत्या, म्हणजे रोग पसरला नव्हता. पण खाली तीन ओळी होत्या आणि तिन्ही ओळींपुढे एकच शब्द होता, निगेटिव्ह.

या तीन ओळींवर सगळं ठरतं. गाठीच्या कापावर आम्ही एकेक मार्कर नावाचं रसायन सोडतो, पहिले दोन हार्मोनचे. कॅन्सरच्या पेशी शरीरातल्या हार्मोनवर पोसल्या जात असतील तर मार्कर त्यांना चिकटतो आणि त्या तपकिरी दिसतात. नसतील तर निळ्याच राहतात. तपकिरी गाठीचं अन्न रोजच्या एका गोळीने तोडता येतं आणि ते पेशंट बहुतेक वेळा पुढे वर्षानुवर्षं नीट जगतात. तिसऱ्या मार्करसाठीही वेगळं, नेमकं औषध आहे. पण तिन्ही निगेटिव्ह म्हणजे हाताशी नेमकं काहीच नाही. मग जालीम औषधं सलाइनमधून, सहा महिने, आणि तरीही गाठ परत उलटण्याची भीती जास्त.

कॅन्सरच्या डॉक्टरांनी हे नणंदेला बरंच सौम्य करून सांगितलं. तिने सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि घरी येऊन जाहीर केलं की ती औषध घेणार नाही. नवऱ्याने समजावलं, रागावला, शेवटी रडला. तिच्यावर ढिम्म परिणाम झाला नाही. दुसऱ्या दिवशी मी वर गेले तर ती पडद्यांसाठी आलेली कापडं ज्याची त्याला परत पाठवण्यासाठी घड्या करत बसली होती.

"सहा महिने ओकत काढायचे आणि पुढे काय, तर बघू," ती म्हणाली. "एवढ्यासाठी मी नाही त्या खुर्चीत बसणार. तू तरी मला शहाणपण शिकवू नकोस."

मी शिकवलं नाही. जिच्याशी तीस वर्षं भांडले, तिच्या शेजारी बसून मीही घड्या घालू लागले. डॉक्टरांनी पुढच्या सोमवारची वेळ दिली होती आणि ती सोमवारी जाणार नव्हती, एवढंच मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन मी नियम मोडला. तिच्या स्लाइड कपाटातून काढल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. रिपोर्ट वाचणं हे माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण रंग नीट चढलाय की नाही हे बघणं माझंच काम, आणि सव्वीस वर्षांत तेवढी नजर बसली आहे. प्रत्येक स्लाइडच्या टोकाला आम्ही आधीपासून माहीत असलेल्या तपकिरी गाठीचा एक काप लावतो. तो तपकिरी झाला की मार्कर चांगला आहे असं समजायचं. तो छान तपकिरी होता. मधली नणंदेची गाठ निळी होती. इथपर्यंत सगळं रिपोर्टप्रमाणे होतं.

मग मी स्लाइड जरा सरकवली. गाठीच्या कडेला तिच्या निरोगी दुधाच्या नळ्या होत्या. कॅन्सर असो वा नसो, निरोगी नळीत काही पेशी तरी या मार्करने तपकिरी होतातच. बाईच्या शरीराला हार्मोन कळतो, त्याला ती तरी काय करणार. मी एक नळी बघितली, दुसरी बघितली, सगळी स्लाइड पालथी घातली. एकही पेशी तपकिरी नव्हती.

म्हणजे गाठ निगेटिव्ह आहे असं म्हणताच येत नव्हतं. तुकडाच मुका झाला होता. चांगल्या पेशीही बोलत नव्हत्या, तिथे वाईट पेशी काय बोलणार? आणि तो मुका का झाला, हे सगळ्या जगात मला एकटीला ठाऊक होतं. खोटं कशाला सांगू, क्षणभर स्लाइड परत कपाटात ठेवावी असंही वाटलं.

तशीच साहेबांच्या खोलीत गेले. साहेब आमचे मुख्य डॉक्टर, रिपोर्टवर सही त्यांची. माणूस चांगला, पण सही झाल्यावर ती मागे घ्यायची म्हटलं की नाकावर राग. टोकाचा काप तपकिरी आहे, मग शंका कसली, असं त्यांनी मला तीनदा ऐकवलं. लॅबमधल्या बाईने रिपोर्ट वाचायला लागू नये, हेही ऐकवलं. मी ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "साहेब, तो टोकाचा काप दुसऱ्या कुणाचा आहे. तिच्या स्वतःच्या नळ्या बघा. आणि त्या डब्याला चिरा मी दिल्या नव्हत्या. दोन दिवस तो तसाच पडून होता."

साहेबांनी स्लाइड घेतली आणि बघत बसले. मी उभीच होते, त्यांनी बसा म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे चोळले.

"टोक बघून सही केली मी," ते म्हणाले. "नळ्या बघितल्याच नाहीत."

आता चांगला तुकडा कुठून आणायचा हा प्रश्न होता. काढलेल्या स्तनातली गाठ मधली, म्हणजे सगळी नासलेलीच. मग साहेबांनाच आठवलं की आधी सुईने काढलेला तुकडा असेल. तो सुतळीएवढा बारीक, त्याच्यात फॉर्मॅलिन तासाभरात आरपार जातं. मी लहान दवाखान्यात फोन केला. तिथल्या बाईने रजिस्टर चाळून सांगितलं की मेणात बसवलेला तो तुकडा पेशंटला कधीच देऊन टाकलाय. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो आमच्याच घरात वरच्या मजल्यावर होता.

तो मागायचा तर कारण सांगावं लागणार होतं. मी पायऱ्या चढताना चार खोटी कारणं तयार केली आणि तिच्या दारात ती चारही विसरले. ती मशीनला तेल घालत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, डबा, सुरी, सुट्टी, नियम, सगळं. सांगताना रडू आलं, ते आवरलंही नाही.

तिने तेलाची बाटली बंद केली. "म्हणजे तुझ्या हाताने झालं."

"हो ताई."

"तुला माझं कापवेना."

"नाही कापवलं."

ती उठली, कपाटातून फाइल काढली, त्यातून कागदात गुंडाळलेला तो चौकोनी मेणाचा तुकडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "तीस वर्षं मला शब्दाने कापतेस तेव्हा हात थरथरत नाही तो," ती म्हणाली. "आता तूच काप. दुसऱ्या कुणाला दिलास तर बघ."

साहेबांना मी तिचा निरोप जसाच्या तसा सांगितला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि "कापा" म्हणाले.

मी मेण बर्फावर गार केलं, काप काढायच्या यंत्राला नवीन पातं लावलं. वादळ पहिल्यांदाच माझ्या शेजारी काही न आपटता उभी राहिली. तिलाही सगळं सांगितलं होतं, आणि बिचारी दोन दिवस माझ्यापेक्षा जास्त रडली होती. पहिला काप फाटला. दुसरा चुरगळला. तेव्हा मला स्वतःचाच असा राग आला की विचारू नका. बाई, तू सव्वीस वर्षं इथे काय झक मारलीस, असं मनात म्हणाले आणि चाक फिरवलं. तिसरा काप पात्यावरून सरळ उतरला, एकही सुरकुती नव्हती. चौथा, पाचवा, सहावा तसाच. ते कोमट पाण्यावर तरंगत सोडले, स्लाइडवर अलगद घेतले, टोकाला माहितीतला काप लावला आणि एकेकावर एकेक मार्कर सोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्लाइड तयार झाल्या. साहेबांनी पहिली ठेवली आणि या वेळी आधी निरोगी नळी शोधली. ती बोलत होती, इथे तिथे तपकिरी. मग त्यांनी गाठीवर नजर नेली. ते खुर्चीवरून उठले आणि मला बसा म्हणाले.

शंभरातल्या नव्वद पेशी तपकिरी होत्या. गडद, ठसठशीत, शंकेला जागा नाही अशा. हार्मोनचा दुसरा मार्करही तपकिरी निघाला. तिसरा निळाच राहिला, पण आता त्यावाचून अडत नव्हतं. गाठ किती वेगाने वाढते हे दाखवणारा आणखी एक मार्कर लावला होता, त्यात मोजक्याच पेशी रंगल्या होत्या, म्हणजे गाठ आळशी होती. कुणाचा तरी आळस मी आयुष्यात पहिल्यांदाच कौतुकाने बघितला. वादळाने मला मागून मिठी मारली आणि टेबलावरचा पेन्सिलींचा डबा खाली पाडला.

साहेबांनी जुना रिपोर्ट रद्द केला. नव्यात कारण लिहिलं, आपली चूक आधी आणि लॅबची नंतर. त्याच दिवशी सगळ्यांना बोलावून सांगितलं की यापुढे डबा कुणाचाही असो, ज्याच्या हातात पहिल्यांदा येईल त्याने चिरा द्यायच्या, रडायचं असेल तर नंतर रडायचं.

सोमवारी नणंद आली. कॅन्सरच्या डॉक्टरांनी नवा रिपोर्ट वाचून सलाइन रद्द केलं. रोज एक गोळी पुरेल आणि या प्रकारात बहुतेक पेशंट नीट राहतात, असं त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं. तिचा विश्वास बसेना. मला दाखवा म्हणाली. म्हणून मी तिला खाली लॅबमध्ये आणलं आणि साहेबांच्या खुर्चीत बसवलं. सुईत दोरा ओवताना करते तसा एक डोळा बारीक करून तिने आत बघितलं. तपकिरी दिसतात त्या गोळीचं ऐकणाऱ्या, असं साहेबांनी समजावलं. ती किती तरी वेळ बघत होती.

"गोळी किती दिवस?" तिने डोळा न हलवता विचारलं.

"पाच वर्षं तर नक्की," साहेब म्हणाले. "कदाचित दहा."

तिने मान वर केली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू गोळी मीच शोधून काढली होती.

"दहा वर्षं?" ती म्हणाली. "रोज? आणि एखाद्या दिवशी मला कंटाळा आला तर?"

आठ दिवसांपूर्वी हीच बाई लोकांची कापडं त्यांना परत करत होती. आता ती दहा वर्षांतल्या एकेका दिवसासाठी साहेबांशी हुज्जत घालत होती, गोळी सकाळी घेऊ की संध्याकाळी, जेवणाआधी की नंतर. साहेब उत्तरं देता देता थकले. मी मध्ये पडले नाही. इतकं सुंदर भांडण मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.