नवमीला धुतलेले दाणे

माझे वडील, अण्णा, गेल्यानंतर आठवड्याभरात त्यांच्या कंपनीचे मॅनेजर जयदेवसाहेब आमच्या अंबरनाथच्या घरी आले. आईला नमस्कार करून, पाणी पिऊन ते माझ्याकडे वळले.

"मीनल, उद्या फॅक्टरी इन्स्पेक्टर येतील. अण्णा त्या संध्याकाळी घरी काय बोलले ते विचारतील. जनूने टाकी धुतली आणि त्यातून हे झालं, एवढं सांगितलंस की विषय संपला."

"जनूकाकांचं काय होईल?"

"ते आम्ही बघू. तू आईला सांभाळ."

ते गेले आणि मला चक्क बरं वाटलं. इतके दिवस रागवायला कोणी सापडत नव्हतं; आता जनूकाका सापडले.

अण्णांच्या कारखान्यात नायट्रिक ॲसिडमध्ये धातू विरघळवत. त्यातून निघणारा तांबूस धूर चिमणीतून खाली उतरला की पलीकडच्या चाळीतल्या दोरीवरचे कपडे पिवळे पडत, लहान मुलं खोकत. अण्णा तिथले केमिस्ट. कुठल्याशा जपानी संशोधनाबद्दल वाचून त्यांनी झिओलाइटचे दाणे तयार केले होते. झिओलाइट म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांनी भरलेलं खनिज. त्यात त्यांनी तांबं मुरवलं. हे दाणे टाकीत भरून तापवायचे आणि त्यांच्यामधून धूर आणि थोडा अमोनिया सोडायचा. धुरातलं विष जाऊन हवेतलाच साधा नायट्रोजन आणि वाफ उरते.

एकदा त्यांनी चार दाणे घरी आणून तव्यावर टाकले. निळे दाणे फिके पडले. पाण्याचा थेंब पडताच पुन्हा निळे.

"या तव्यावर मी आता पोळी करणार नाही," आई म्हणाली.

"नको करूस. भात कर," अण्णा म्हणाले.

खंडेनवमीला कारखाना बंद ठेवून प्रत्येक जण आपापलं यंत्र धुतो, हार घालतो. टाकी जनूकाकांची. कुळगावचे जनूकाका अण्णांच्या हाताखालचे जुने ऑपरेटर. आतले दाणे धुळकट दिसले म्हणून त्यांनी झाकण उघडून पाइपने तेही धुतले आणि अण्णांना हाक मारली, "सायेब, बघा, कसं निलं झालंय! नव्यासारखं!"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवताना अण्णांनीच हे सांगितलं. मधूनमधून ते खोकत होते.

"रागावलो नाही गं. टाकीला झेंडूचा हार होता. त्याला शंभर गोष्टी शिकवल्या, हे धुवायचं नसतं एवढंच सांगायचं राहिलं."

"मग?"

"मंद आचेवर तीन दिवस वाळवले असते तर वाचले असते. एकदम तापवले तर आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटतात. जयदेवला सांगितलं. तो म्हणाला, माल आजच निघायला हवा." त्यांनी ताटातला भात चाळवला. "शेवटी हीटर मीच लावला. नाही म्हणायला हवं होतं."

दाण्यांचा भुगा झाला, टाकी तुंबली आणि धूर उलटा शेडमध्ये शिरला. जनूकाकांना बाहेर ढकलून अण्णा ॲसिडचा व्हॉल्व्ह बंद करायला आत राहिले. मग चालत घरी आले. हा वायू असाच. माणूस स्वतःच्या पायांनी घरी येतो, जेवतो, आणि मग छातीत पाणी भरतं. पहाटेपर्यंत अण्णा गेले होते.

जयदेवसाहेब गेल्यावर संध्याकाळी जनूकाका आले. आत बोलावलं तरी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"ताई, माझ्यामुलंच गेलं ना सायेब?"

"दाणे तुम्हीच धुतले," मी म्हणाले. तेवढं म्हणायचंच होतं मला.

"व्हय. उद्या इन्स्पेक्टरला तेच सांगनार. खोटं कशाला?"

"आणि हीटर कुणी लावला, ते?"

"मना काय म्हायती नाय."

"तुम्ही शेजारी उभे होता, काका."

"सायेब गेलं. गेलेल्या मानसाचं नाव कशाला?"

ते निघून गेले. मी दारातच उभी होते. समोर कारखान्याची चिमणी दिसत होती. टाकी वगळून पाइप थेट जोडला होता आणि तांबूस धूर पूर्वीसारखाच खाली उतरत होता.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आले. जयदेवसाहेबही सोबत येऊन बसले. मी सगळं सांगितलं: जनूकाकांनी दाणे धुतले, कारण धुवू नयेत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, अण्णांनी तीन दिवस मागितले होते, ते मिळाले नाहीत.

"हा तिचा अंदाज आहे," जयदेवसाहेब म्हणाले.

"हीटर कुणी सुरू केला?" इन्स्पेक्टरांनी मला विचारलं.

आईने मान वर केली.

"अण्णांनी," मी म्हणाले. "नाही म्हणायला हवं होतं, असं जेवताना म्हणाले."

मंडळी गेली. आई बराच वेळ कपबशा विसळत राहिली.

"एवढं सांगायलाच हवं होतं?"

"त्याशिवाय बाकीचं कोणी खरं मानलं नसतं. सगळं जनूकाकांवर आलं असतं."

तिने नळ बंद केला.

"तेराव्याला जनूला जेवायला बोलव," ती म्हणाली. "मला त्याच्याकडे बघवेल की नाही, माहीत नाही. पण बोलव."