चुकीचं कूळ

दिल्लीच्या करोल बागेतल्या घराच्या गच्चीवर शालिनीबाईंची चार कुंड्यांची भेंडीची शेती होती, आणि त्या शेतीवर झाडांचा रस शोषणाऱ्या हिरव्या ढेकणांचं राज्य. दुसरी कुणी असती तर फवारा मारून मोकळी झाली असती. शालिनीबाई त्यांचे फोटो काढायच्या.

त्यांचा मुलगा मानस बंगळूरला कीटकशास्त्रज्ञ होता. दर रविवारी फोन करायचा, पण "बरी आहेस ना?"च्या पुढे गाडी काही सरकायची नाही. तोच मानस कीटक ओळखण्याचा एक व्हॉट्सॲप ग्रुप चालवायचा आणि तिथे अनोळखी लोकांशी भरभरून बोलायचा. शेवटी बाईंनी मानसला ठाऊक नसलेल्या एका जुन्या सिमकार्डावरून, कुसुमावती नावाने, त्या ग्रुपात शिरकाव केला. आईने पोटच्या पोराकडे वेष पालटून जावं, ही काय तऱ्हा! पण करणार काय, घर खायला उठायचं.

फोटोखाली कीटकाच्या कुळाचं नाव बरोबर लिहिलं की मानस नुसती अंगठ्याची खूण टाकायचा. चुकलं की मात्र समजावत बसायचा. "काकू, नावाच्या शेवटी 'इडी' आलं की ते कीटकाचं कूळ समजायचं. आता पंख फुटलेल्या ढेकणाच्या मिशा बघा. चार पेरं असली तर कोरिडी, पाच असली तर बहुतेक पेंटाटोमिडी." बाईंना हे एव्हाना तोंडपाठ झालं होतं. तरी पाच पेरांचा फोटो टाकून त्या खुशाल ठोकून द्यायच्या, "कोरिडी!" आणि फोन हातात धरून बसायच्या. एकदा त्याने हाताने काढलेलं चित्र पाठवलं, शाळेत काढायचा तसंच जाड रेघांचं. बाईंना रडूच आलं.

रविवारी फोनवर मानस हसत म्हणाला, "आई, ग्रुपवर एक काकू आहेत. कितीदा सांगितलं तरी तीच चूक. बाकीचे म्हणतात, काढून टाक यार त्यांना."

बाईंनी घाईने विचारलं, "मग? काढणार?"

"छे गं. एकट्या असतील बिचाऱ्या. कुणीतरी बोलावं म्हणून लिहीत असतील. आपलं काय जातं?"

'अरे, मीच ती,' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण ते सांगितलं की काकूंना मिळणारी उत्तरंही बंद व्हायची.

"तू बरी आहेस ना?"

"बिल्कुल."

"अच्छा, चलो, ठेवतो मग."