पंप एकीकडे, पॅच दुसरीकडे

सायकलवर लांब जायचं तर सामान वाटून घ्यायचं, हा नियम दुर्गेश्वरीनं केला होता. हवा भरायचा पंप तिच्या सायकलला, पंक्चरचे पॅच आणि सोल्यूशन मैत्रिणीच्या, मंजूच्या पिशवीत. एकीला सोडून दुसरी पुढं गेली तर दोघीही अडकणार. "मास्तरीण बाईचं डोकं!" म्हणून मंजू हसली होती. चढ आला की पुढं गेलेलीनं वर थांबायचं, हा नियम मात्र मंजूचा.

गोंदियाहून पहाटे निघालेल्या दोघी सालेकसा मागं टाकून दरेकसाच्या घाटात शिरल्या, तेव्हा ऊन कोवळंच होतं. खाली कापलेल्या शेतांत धानाचे पुंजणे उभे होते. डोंगर ओलांडून संध्याकाळी डोंगरगड गाठायचं होतं. दुर्गेश्वरी गोरेगावच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. आई सुशिलाबाईंनी बोलावलेल्या पाहुण्यांसमोर बसणं तिनं दिवाळीपासून बंद केलं होतं, आणि कोणाला न विचारता केलेला हा तिचा पहिलाच प्रवास होता.

"तोंड धू ना वो," एका हातपंपाशी मंजू म्हणाली. "अन् तो निळा कुर्ता घाल. फोटो काढू."

"घामाचा फोटो नाही निघत काय?"

"निघते. पण मले नाही पाहावत."

दुर्गेश्वरी हसली आणि कुर्ता बदलून आली.

पुढच्या गावात मंजूनं अचानक ब्रेक लावला. "माझी मामेसासू राहते अठी. आठवलंच नाही पाह! एक कप चहा घेऊ, चाल."

अंगणात मामेसासू रुक्माबाईंनी पाय धुवायला लोटाभर पाणी दिलं. ओसरीवर खुर्च्या मांडलेल्या होत्या. आतून तळणाचा वास येत होता. थोड्या वेळानं समोर ताट आलं, त्यात पुरीसारख्या सुवाऱ्या आणि उडदाचे वडे. दुर्गेश्वरीनं वडा मोडला. आतून हलका, जाळीदार. अशा वड्यांची डाळ आदल्या रात्रीच भिजत घालावी लागते. आणि मंजूला तर हे घर आत्ता रस्त्यात आठवलं होतं.

तिनं मंजूकडं पाहिलं. मंजू ताटात पाहत होती.

"घाट चढून दम तं नाही लागला ना, बाई?" रुक्माबाईंनी विचारलं. दारातून त्यांचा मुलगा इंद्रकुमार आला, नमस्कार करून समोरच्या खुर्चीवर बसला.

"नाही, काकू."

"तसं नाही, तुह्या रक्ताचं आयकलं म्हणून विचारलं." रुक्माबाईंचा आवाज मायेचा होता. "आम्ही नाही मानत काही. पोराचं तपासून घेतलं, त्याचं साफ हाये. एकातच असलं तं लेकराले आजार होत नाही म्हणे. बरोबर ना?"

"बरोबर," दुर्गेश्वरी म्हणाली.

हे तिनंच मंजूला शिकवलं होतं. कॉलेजातल्या तपासणी शिबिरात विद्यार्थ्यांची भीती जावी म्हणून तिनं आधी स्वतःचं रक्त दिलं, आणि ती सिकलसेलची वाहक निघाली. आजार नव्हता. पण तिच्या चुलतबहिणीचं ठरलेलं लग्न याच कारणानं मोडलं होतं, आणि 'पोरीचं रक्त खराब' हे शब्द पुढं वर्षभर गावभर फिरत राहिले होते. म्हणून तिनं फक्त मंजूला सांगितलं. रिकाम्या वर्गात फळ्यावर चौकोन काढून समजावलं आणि मग फळा पुसला. "कोणाला सांगू नको. सांगायचं तेव्हा मीच सांगेन." मंजूनं गळ्याला हात लावून शपथ घेतली होती.

इंद्रकुमार खुर्चीच्या कडेला सरकला. "मले वाटलं, तुमाले सांगूनच आणलं असन," तो हळूच म्हणाला.

तो खरंच खजील झाला होता. तो वाईट असता तर सोपं गेलं असतं. तिनं हातातला वडा संपवला, "छान झालेत, काकू," म्हणाली आणि उठली.

सायकलींपाशी मंजूनं तिचा हात धरला. "रागावून राहिली काय? एवढे समजदार लोक कोठी भेटतेत? तू तं कधी सांगितलंच नसतं!"

"मग नसतं सांगितलं."

"अशीच राहली असती?"

"ते मी ठरवलं असतं. आज इथं यायचं हे आईला माहीत आहे?"

"हव."

"आणि रक्ताचं?"

मंजू सायकलच्या घंटीवरची धूळ पुसू लागली. "जास्त नाही रडल्या वो त्या," ती म्हणाली.

दुर्गेश्वरीनं आपल्या सायकलचा पंप काढला आणि मंजूच्या कॅरिअरला नीट आवळून बांधला.

"हा काऊन देऊन राहिली मले?"

"दोन्ही तुझ्याकडंच असू दे. गोंदियापर्यंत एकटी जाशील."

"अन् तुही पंक्चर झाली तं?"

"ढकलत नेईन."

तिनं हँडल डोंगरगडाच्या रस्त्याला वळवलं. उरलेला चढ तिनं एका लयीत संपवला. माथ्यावर सवयीनं तिचा पाय जमिनीला टेकला. खालच्या वळणावर मंजूची घंटी वाजत होती. "थांब ना वो, दुर्गे! वर थांबाचं ठरलं हाये ना!"

हे ठरलं होतं, खरंच. दुर्गेश्वरीनं घंटी जवळ येईपर्यंत ऐकली. मग पाय उचलून पॅडलवर ठेवला, आणि पुढं उतारच होता.