तिसऱ्या सिलिंडरची ठकठक

मित्रांनो, करणचे बारसे झाले त्याच महिन्यात मी या घरी आले. साल एकोणीसशे शहाण्णव. मी एक जुनी डिझेल जीप आहे. गुडीहत्नूरजवळच्या एका मळ्यात, कडुनिंबाखाली माझी जागा आहे. माझे मालक डोमाजी भाजी पिकवत. वांगी, मेथी, कोथिंबीर घेऊन रोज पहाटे मी आदिलाबादच्या बाजारात जायची आणि आठवड्यातून एकदा इंद्रवेल्लीच्या बाजाराला. करण पाच वर्षांचा झाला तेव्हा वसंत पंचमीला त्याला अक्षर गिरवायला बासरच्या सरस्वतीकडे मीच नेले. गाडी चांगली राखली, असे लोक म्हणत. डोमाजी ऐटीत बॉनेटवर थाप मारत.

आता करणची मुलगी दामिनी चार वर्षांची झाली होती. डोमाजींनी वर्षभर आधीच सांगून ठेवले होते, नातीलाही याच गाडीतून बासरला नेणार आणि गाडी मीच चालवणार. त्यांच्या मनात दुसरे काही नव्हते.

आणि नेमके त्याच हिवाळ्यात माझ्या पोटात काहीतरी ठोकू लागले.

सकाळी थंड असताना आवाज बारीक असे. इंजिन तापले, चढ आला, की ठक, ठक, ठक. मला कुठे दुखते ते कळत होते, पण सांगता येत नव्हते. उभी असले तरी मला स्वस्थ वाटत नसे. उद्या पुन्हा किल्ली फिरेल, पुन्हा ठोकेल, आणि एखाद्या दिवशी आतला पिस्टनचा दांडा मोडून बाहेर येईल, हाच विचार. बासरच्या वाटेवर निर्मळचा घाट आहे. तिथे मोडले तर? मागे लेकरू बसलेले असेल.

आवाज पहिल्यांदा ऐकला सुनेने, सुनयनाने.

"मामाजी, गाडीतून आवाज येऊन राह्यला."

"कायचा आवाज? बॉनेटचा हूक ढिला हाय." डोमाजींनी हुकाला चिंधी बांधली. ठकठक थांबली नाही. मग त्यांनी डिझेलमध्ये कचरा आहे म्हणून टाकी धुतली.

करण म्हणाला, "बाबा, बासरले भाड्याची गाडी करू."

"तुमाले सगळ्याइले ही इकायची घाई झाली! मले तर काईच आयकू येत नाही."

ते खोटे बोलत नव्हते. तीस वर्षे माझ्या घरघरीशेजारी बसून त्यांचे कान गेले होते. एकेकाळी ते नुसत्या आवाजावरून माझे दुखणे सांगत. आता आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हता.

डोमाजींच्या बायको जयवंताबाई अंगणातूनच म्हणाल्या, "मी जेवाले हाका मारते थे आयकू येत नाही, अन गाडीचं आयकू येते म्हंता!"

शेवटी पंचमीच्या चार दिवस आधी सुनयनाने हट्ट धरला आणि सासऱ्यांसोबत मला सुरेंद्र मिस्त्रीकडे आणले. सुरेंद्रने मला आधी अर्धा तास चालू ठेवून तापवले. ठकठक वाढली. मग त्याने पान्ह्याने पहिल्या नोझलच्या पाइपाचा नट ढिला केला. त्या सिलिंडरचे डिझेल तुटले, मी लंगडले, पण ठोकणे तसेच राहिले. नट कसून त्याने दुसरा ढिला केला. तसेच. तिसरा ढिला केला आणि ठकठक एकदम दबली. नट कसला, पुन्हा सुरू झाली. मला हायसे वाटले. कोणीतरी बरोबर जागेवर बोट ठेवले होते.

"काका, तीन नंबरच्या दांड्याचं बेअरिंग गेलं."

"खोटं हाय. मले आयकू आलं नाही. इकाले लावता का?"

"इकायची असती त आवाज हाय म्हनून काऊन सांगतो? गिऱ्हाइकाले सांगते का कोनी?" सुरेंद्र हसला आणि त्याने लांब पेचकसाचे टोक माझ्या इंजिनावर टेकवले. "मूठ दातात धरा. कानाले नका लावू."

डोमाजींनी मूठ दातात धरली. माझी प्रत्येक ठक त्यांच्या जबड्यात गेली. त्यांचे डोळे मोठे झाले. बराच वेळ त्यांनी पेचकस सोडला नाही. मग स्वतःच्या हाताने किल्ली फिरवून त्यांनी मला बंद केले.

सुरेंद्रने ऑइलची पट्टी काढली. तेल काळेकुट्ट होते आणि खुणेच्या खाली गेले होते.

"ऑइल कदी बदललं, काका?"

आमच्या घरी तेल बदलण्याचा दिवस एकच, दसरा. मला धुवायचे, नवे तेल भरायचे, झेंडूचा हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचे. यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांचे थोरले भाऊ केशवराव वारले. सुतक लागले, पूजा झाली नाही, आणि पूजेबरोबर तेलही राहिले. पुढे कोणाच्या ध्यानात आले नाही. सव्वा वर्ष मी तेच तेल घेऊन धावत होते.

"भाऊ गेला ना," डोमाजी हळूच म्हणाले. "सुतक होतं."

"सुतक मानसाले लागते, काका. गाडीले काऊन लावता?"

खालचे झाकण उघडले तेव्हा बेअरिंगची चकाकी उतरून तांबे दिसत होते. दुरुस्तीला आठ-दहा दिवस लागणार होते. पंचमी चार दिवसांवर होती.

"आज ऑइल भरून चालवली, त बासरपर्यंत जाईन का?" डोमाजींनी विचारले.

"जाईनही. नाहीही."

डोमाजींनी सुनयनाकडे पाहिले. "उघडी राहू दे. पोरीले बसनं नेऊ."

पंचमीच्या दिवशी मी मिस्त्रीकडे लाकडी ठोकळ्यांवर उभी होते. दिवसभर रस्त्याने बस गेली की माझे लक्ष तिकडे. दामिनीने तांदळात ओम गिरवला, हे मला नंतर कळले.

फेब्रुवारीत मी बरी झाले. मला न्यायला डोमाजी आणि सुनयना आले. मी चालकाची बाजू त्यांच्यासाठी धरून बसले होते, पण ते वळसा घालून पलीकडच्या दाराने चढले.

"तू बस तिकडं," ते सुनेला म्हणाले. "तुले आयकू येते. आता तूच चालव."

"मामाजी, मळ्यातल्या मळ्यात चालवली तेवढीच. मले रिव्हर्स जमत नाही."

"मले कुठं जमत होतं? मागं घेता घेता बाजाराच्या कडेचे दोन दगड पाडले होते म्या."

त्या दिवशी सुनयनाने मला घरापर्यंत आणले. वाटेत दोनदा बंद पाडले. डोमाजी रागावले नाहीत.

मित्रांनो, यंत्राला सण कळत नाही आणि सुतकही कळत नाही. तेल संपले की ते झिजते. ते ठोकू लागले तर हुकाला चिंधी बांधू नका, उघडून पाहा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकू येत नसेल, तर त्याच्यावर ओरडू नका. त्याला कळेल असा दुसरा रस्ता शोधा.

डोमाजी १० मार्च २०२६ रोजी, मंगळवारी सकाळी, वांग्यांना पाणी सोडताना वारले. त्यांचे वय त्र्याहत्तर होते.