पाण्यात पाय

दिवसभर शेताशेतांतून माती खणून तिच्या पाठीचा काटा ढिला झाला होता. नमुन्यांच्या पिशव्या जीपमध्ये चढवून झाल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "बसा मॅडम, सोडतो मुक्कामाला."

"तुम्ही व्हा पुढे. मी नदीकाठानं येते."

ती आणि तिचा नवरा, दोघं एकाच प्रयोगशाळेतले. लग्नाआधीपासून जोडीनं माती गोळा करत हिंडलेले. काम आटपलं, की त्याला पाय बुडवायला नदी लागायचीच. तो रमतगमत, दगड दगड न्याहाळत येणार, ही तरातरा पुढे. "आमची आगगाडी सुटली!" तो मागून ओरडायचा आणि ती करवादायची, "अरे, चाल की जरा!"

हिवाळ्यात त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा बसली. कामावर ती एकटी निघाली ती यंदा पहिल्यांदाच.

आज घाई कसलीच नव्हती, तरी पाय सवयीनं भराभर पडत होते. वळण ओलांडल्यावर तिनं मागे वळून पाहिलं. वाट रिकामी होती. ती तिथंच काठावर बसली आणि घरी फोन लावला.

थोरल्या नणंदेनं उचलला. त्याला द्यायला सांगितल्यावर ती म्हणाली, "कसला बोलतोय गं? सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडलाय."

"नुसता कानाला लावा, ताई."

मग ती एकटीच बोलत राहिली. पाणी नितळ आहे. पलीकडची दरड ढासळलीय, आत काळ्या मातीखाली पिवळा थर दिसतोय. "तू असतास तर अजून तिथंच उकरत बसला असतास, मेल्या."

मग फोनमधून मोठ्या कष्टानं शब्द आला, "पा... पाय."

"पाय? बूट काढू म्हणतोस?"

"हूं."

तिनं बूट-मोजे काढले, पाय पाण्यात सोडले. "आई गं! बर्फ आहे नुसता!"

फोनमधून घोगरा, वाकडातिकडा आवाज आला.

"अगं, हसतोय तो!" नणंद ओरडली. "बाई बाई, किती दिवसांनी!"

फोन ठेवल्यावरही तिनं पाय बाहेर काढले नाहीत. शेजारचा सपाट दगड उन्हानं अजून कोमट होता. त्यावर तळवा टेकून ती बसून राहिली. उद्याचं काम माळावर होतं. तिथं नदी नव्हती.